पाहिलेलं आणि ऐकलेलं: जानेवारी १९८४च्या प्रकल्प नोंदी

१५ ऑक्टोबर २०२३, रविवार

आज घट बसले. गावदेवीची आरती झाल्यावर आम्ही सहा जण वाचनालयात थांबलो आणि दोन वर्षं ज्याच्या नुसत्या गप्पा चालल्या होत्या ते काम एकदाचं हातात घेतलं. येत्या १६ आणि १७ जानेवारीला उरणजवळच्या जासई-नवघरच्या पोलीस गोळीबाराला चाळीस वर्षं होतील. त्या दोन दिवसांत पाच शेतकरी गेले. पहिल्या दिवशी दोन, दुसऱ्या दिवशी तीन. ज्यांनी ते डोळ्यांनी पाहिलं ती माणसं आज साठीच्या पुढे आहेत, बरीचशी ऐंशीच्या आसपास. मागच्या श्रावणात आमच्या आळीतले एक काका गेले. ते त्या आंदोलनात होते हे सगळ्या गावाला ठाऊक होतं, पण त्यांनी नेमकं काय पाहिलं हे कधी कुणी विचारलंच नाही. तेराव्याला पंगतीत सगळे तेवढंच हळहळत होते. त्या दिवशीच मी ही वही आणली.

पुढे कुणी ही वही उघडली तर त्याच्यासाठी थोडं मागचं लिहून ठेवते. १७ मार्च १९७० रोजी सिडको, म्हणजे नवी मुंबई वसवणारी सरकारी कंपनी, स्थापन झाली. ठाणे, पनवेल आणि उरण तालुक्यांतल्या ९५ गावांच्या जमिनी नव्या शहरासाठी घ्यायचं ठरलं. आमच्या बेलापूर पट्टीची भातशेती, खाजणं, मिठागरं त्यात गेली. उरणकडे पुढे न्हावा-शेवा बंदर आलं, ते १९८९ साली सुरू झालं. आंदोलनाचं नेतृत्व दि. बा. पाटलांकडे होतं. ते मूळचे जासईचेच, पेशाने वकील, पनवेलमधून पाच वेळा आमदार. एकरी ४० हजार भाव द्या, असं लोकांचं म्हणणं होतं. आज प्रकल्पग्रस्तांच्या घराघरांत 'साडेबारा टक्के' हा शब्द मीठ-मिरचीसारखा वापरला जातो. विकसित जमिनीतला तो वाटा पुढे मिळाला, त्याच्या मुळाशी हे दोन दिवस आहेत.

ठरलं ते असं. ज्यांनी पाहिलं त्यांच्या आठवणी ध्वनिमुद्रित करून लिहून ठेवायच्या. आमच्या वहीत कुणाचं नाव येणार नाही, क्रमांक येईल. मुद्रणाची एक प्रत त्या घरी जाईल. सांगणाऱ्याने नंतर एखादं वाक्य काढा म्हटलं तर ते काढायचं, कारण विचारायचं नाही.

२२ ऑक्टोबर २०२३, रविवार

ध्वनिमुद्रणाचं काम आमच्यातल्या धाकट्याकडे. हळदीला डीजे लावणारा मुलगा, पण कान तयार. त्याने पहिल्याच दिवशी सांगितलं की घरातला पंखा आणि फ्रीज बंद केल्याशिवाय बोलणं सुरू करायचं नाही. वाचनालयात चाचणी घेतली. पंखा चालू असताना माझा आवाज विहिरीतून आल्यासारखा वाटला. कॉलर माईक पदराला लावला की पदर सरकताना खरखर होते, म्हणून बायकांसाठी माईक ओच्याजवळ न लावता खांद्यावर पिनेने. फाइल वेव्हमध्येच ठेवायची, दाबून लहान करायची नाही. तीन प्रती, त्यातली एक गावाबाहेर, माझ्या नणंदेकडे ठाण्याला. २००५च्या २६ जुलैला आमच्या वाचनालयातली खालची दोन कपाटं भिजली होती. तो धडा पुरेसा आहे.

५ नोव्हेंबर २०२३, रविवार

साक्षीदार १. वय ७१. बावीस मिनिटं बोलले. परत येताना रिक्षात आम्ही सगळे खूश होतो. रात्री शांतपणे ऐकलं आणि माझं तोंड उतरलं. त्यातलं एकेक वाक्य दर वर्षी १६ जानेवारीच्या भाषणांत मी ऐकलेलं आहे. "शेतकऱ्यांनी छातीवर गोळ्या झेलल्या", "रक्ताचं पाणी झालं". त्यांनी खोटं काही सांगितलं नाही. चाळीस वर्षं व्यासपीठावरून ऐकलेलं त्यांच्या आठवणीवर साचत गेलं, गाळ साचावा तसं, आणि खालचं पाणी दिसेनासं झालं.

दोष माझ्या प्रश्नांचा होता. मी विचारत होते, "गोळीबार किती वाजता सुरू झाला? मोर्चात किती लोक होते?" हे प्रश्न वार्ताहराचे. मोर्चाच्या मधोमध उभ्या असलेल्या माणसाला संख्या कशी दिसणार? त्याला पुढच्याची पाठ दिसते.

दुसऱ्यांदा ऐकताना एकोणिसाव्या मिनिटाला मागून, स्वयंपाकघरातून, काकूंचा आवाज येतो. "लाडवांचं सांगा की." काका म्हणतात, "ते काय सांगायचं त्यात." आणि मी पुढचा प्रश्न विचारते! त्या जागी मला स्वतःचा आवाज ऐकवेना. पुढच्या रविवारी दिवाळी आहे, तेव्हा जाता येणार नाही. त्यानंतर फक्त लाडवांसाठी जायचं.

१९ नोव्हेंबर २०२३, रविवार

आज अहमदाबादला विश्वचषकाचा अंतिम सामना. दुपारी दोननंतर गावात कुणी बोलायला मिळणार नाही हे ओळखून सकाळी सातलाच बाहेर पडलो.

आधी साक्षीदार १. या वेळी पहिला प्रश्न एवढाच, "त्या दिवशी सकाळी घरातून निघताना काय खाल्लंत?" काका थोडा वेळ गप्प बसले, मग काकूंकडे बघून हसले. दोन दिवसांपूर्वी संक्रांत झाली होती. काकूंनी रुमालात तिळाचे चार लाडू बांधून सदऱ्याच्या खिशात घातले होते. लाठ्या सुरू झाल्या तसे काका शेताच्या बांधावरून पळाले, पडले, एका अनोळखी माणसाने दंडाला धरून ओढलं. अंधार पडल्यावर घरी पोचले तेव्हा खिशात लाडवांचा भुगा होता. काकूंनी तो परातीत झटकला आणि त्यात दोन खडे आणि एक सदऱ्याचं बटण निघालं. बटण त्यांच्याच सदऱ्याचं नव्हतं. ओढणाऱ्याचं असावं. काकूंनी ते सुईदोऱ्याच्या डब्यात ठेवलं, पुढे कधीतरी कुणाच्या तरी कपड्याला लागलं. "तो मानूस कोन व्हता, त्याचं गाव कोन्तं, काय नाय माहीत," काका म्हणाले. अकरा मिनिटं. गेल्या वेळच्या बावीस मिनिटांपेक्षा मला ही अकरा मोलाची वाटतात.

साक्षीदार २ आणि ३ सख्खे भाऊ. साल विचारलं तर एकाचं ८३, एकाचं ८५. साल विचारण्यात अर्थ नसतो हेही आज कळलं. घरात टीव्हीवर सकाळपासून जुने सामने दाखवत होते, त्यावरून धाकटे म्हणाले, "कपिलने कप जिंकला त्याच्या फुडला हिवाला. आनि इंदिरा गांधी त्याच्या नंतर गेल्या." झालं, चौकट पक्की झाली. विश्वचषक २५ जून १९८३, इंदिराजींची हत्या ३१ ऑक्टोबर १९८४. माणसाच्या डोक्यातली दिनदर्शिका अशीच असते. संक्रांत, मळणी, मिठागराचा हंगाम, घरातलं लग्न, कुणाचं तरी मरण. मी वहीच्या शेवटच्या पानावर अशा खुणा लिहायला घेतल्या आहेत. गिरणी संप १८ जानेवारी १९८२ला सुरू झाला, १९८४च्या जानेवारीत वसंतदादा पाटील मुख्यमंत्री होते, रेल्वे मानखुर्दहून वाशीला १९९२ साली आली.

ही शेवटची खूण लगेच कामी आली. थोरले म्हणाले की त्या दिवशी ते लोकलने गेले. १९८४ साली खाडीच्या या बाजूला लोकल नव्हतीच. धाकटे खवळले, "खोटा बोलतो." मी दोघांना थांबवलं. थोरल्यांना लोकलचा डबा, खिडकीतली घोषणा, हातातला झेंडा स्पष्ट आठवतोय. तो प्रवास खरा असणार, पण पुढल्या कुठल्या तरी मोर्चाचा. फाइल तशीच ठेवली आणि शेजारी टीप लिहिली. त्यांना मात्र तोंडावर "तुमचं चुकलं" असं म्हटलं नाही. एकदा असं म्हटलं की माणूस पुढचं सगळं आपल्याला पटेल असंच सांगायला लागतो.

३ डिसेंबर २०२३, रविवार

आजची नोंद सावकाश लिहिणार आहे.

साक्षीदार ६ म्हणजे एक आजी, वय ७८, माहेर चिरनेरच्या बाजूचं, साठ वर्षांपूर्वी आमच्या पट्टीत दिलेली. नऊवारी लुगडं, कासोटा अजून घट्ट. आम्ही गेलो तेव्हा ओट्यावर सुकट निवडत होत्या. बोलायला सुरुवात केली आणि हात थांबले नाहीत. काटेकुटे एका बाजूला, कोलीम एका बाजूला. माईकमध्ये ती सुकटीची कुरकुर सगळीकडे आहे. आमचा ध्वनिवाला म्हणाला, "हिला थांबवू नका, आवाज राहू दे."

आजींनी जासईचा रस्ता सांगितला, बायका कशा हातात हात अडकवून बसल्या होत्या ते माझ्या हातात हात अडकवून दाखवलं. कोपराच्या आत कोपर, आणि मग स्वतःची मूठ स्वतःच्याच दुसऱ्या हाताने धरायची. असं बसलेल्या बाईला ओढायचं तर शेजारच्या दोघींना ओढावं लागतं. अश्रुधूर आला तेव्हा एकीने पाण्याची कळशी सगळ्यांच्या पदरांवर ओतली. इथपर्यंत आम्ही श्वास रोखून ऐकत होतो.

मग त्या म्हणाल्या, "डोंगरान पोलीस व्हते. मानसांचे हातान कोयते व्हते. मामलेदार बी पडला गो."

आमच्यातले निवृत्त गुरुजी एकदम वर बघायला लागले. मीही. जासईच्या दास्तान फाट्याला, जिथे त्या बसल्या होत्या, कुठला आलाय डोंगर? आणि मामलेदार? १९८४ साली कुणी मामलेदार गेला नाही. गुरुजींनी माझ्या वहीच्या कोपऱ्यात एकच शब्द लिहिला, 'चिरनेर'.

२५ सप्टेंबर १९३० रोजी चिरनेरच्या अक्कादेवीच्या डोंगरात जंगल सत्याग्रह झाला. लोक जंगल कायदा मोडायला, लाकूड तोडायला गेले होते, म्हणून हातात कोयते. पोलिसांनी गोळ्या झाडल्या, आठ जण हुतात्मा झाले, जोशी मामलेदारही त्याच गोळीबारात गेले. आजींचा जन्म त्यानंतर पंधरा वर्षांनी झालेला.

घरी येईपर्यंत मला दुसरं काही सुचत नव्हतं. ही चूक लोकलच्या डब्यासारखी साधी नाही. १९८४च्या साक्षीत 'लोकांच्या हातात कोयते होते' असं एक वाक्य आमच्या हातून बाहेर गेलं तर उद्या कुणीही ते दाखवून म्हणेल, बघा, त्यांचीच म्हातारी सांगते. निःशस्त्र माणसांच्या मरणावर आम्हीच डाग लावल्यासारखं होईल. आणि आजींचं बोलणं कापून टाकावं तर आम्ही तरी कोण?

६ डिसेंबर २०२३, बुधवार

दोन दिवस विष्णुभट गोडसे डोक्यात आहेत. वरसई इथून फार लांब नाही, पेणजवळच. तिथला एक गरीब भिक्षुक चार पैसे मिळवायला उत्तरेत गेला आणि १८५७च्या ऐन धामधुमीत सापडला. झाशीच्या वेढ्यात तो किल्ल्यात होता. परत आल्यावर बऱ्याच वर्षांनी त्याने 'माझा प्रवास' लिहिला. चिंतामण विनायक वैद्यांनी ते १९०७ साली छापलं, पण भाषेत आणि मजकुरात फेरफार करून. मूळ हस्तलिखिताबरहुकूम आवृत्ती दत्तो वामन पोतदारांनी काढली ती १९६६ साली. मधली जवळजवळ साठ वर्षं मराठी वाचकाने गोडसे भटजींचं बोलणं दुसऱ्याने धुऊन दिलेलं वाचलं. वैद्यांचा हेतू वाईट नव्हता, आणि त्यांनी छापलं नसतं तर कदाचित काहीच उरलं नसतं, हेही मी मानते. तरी पण.

गोडसे भटजी स्वतः काय पाहिलं ते सांगतात तसं कुणाकडून काय ऐकलं तेही सांगतात, आणि ऐकलेल्या भागात चुका जास्त सापडतात. वाड्यात, बाजारात, पाण्यावाचून तडफडताना मात्र त्यांच्या शब्दाला तोड नाही.

म्हणून आजपासून आमच्या लेखी प्रतीत दोन रंग. काळ्या शाईत पाहिलेलं, निळ्या शाईत ऐकलेलं. शब्द एकही बदलायचा नाही. आगरी बोली आहे तशी उतरवायची. 'डोल्यान' आहे तर 'डोळ्यात' लिहायचं नाही. आमच्या एका सदस्याला वाटतं की बाहेरच्या वाचकाला कळणार नाही. कळेल. 'डोला' कळायला कुणाला शब्दकोश लागत नाही.

१० डिसेंबर २०२३, रविवार

आजींकडे पुन्हा. या वेळी मी एकटीच, सोबत फक्त ध्वनिवाला. डोंगराचं काही काढलं नाही. विचारलं, "आजी, तुम्ही तेव्हा उभ्या कुठे होतात?"

रस्त्याचं विचारलं तर म्हणाल्या, "नाल्याच्या अंगाला, मोरीवर. ऊन पाठीवर व्हता." पाण्याच्या कळशीचं विचारलं, "माझे डावे हाताला." मग हळूच, "आणि ते डोंगरातलं, कोयत्यांचं?"

हात थांबले. सुकट नव्हती आज, तांदूळ होते. सुपातले तांदूळ एकदा पाखडून झाले, मग म्हणाल्या, "त्ये माझे बापाचे डोल्यांनी बगितलंय बाय मी."

मग सगळं सरळ झालं. वडील त्या वेळी सोळा-सतरा वर्षांचे, डोंगरात होते. दर पावसाळ्यात, आवणीच्या दिवसांत, रात्री चुलीपाशी ते मुलांना सांगायचे. इतक्यांदा ऐकलं की आजींना तिथले दगड पाठ. १९८४ला मोरीवर आवाज ऐकला तेव्हा पहिल्यांदा त्यांना जासई नाही, तो डोंगर दिसला. "मला वाटला, आता मामलेदार पडंल."

आम्ही दोघं बराच वेळ काही बोललो नाही. आजींनी आतून गूळ-पाणी आणलं.

ही फाइल आता दोन भागांत आहे, पण कापलेली नाही. जिथे डोंगर सुरू होतो तिथून शाई निळी. शेजारी तारीख २५ सप्टेंबर १९३०. चिरनेरच्या त्या मुलाची साक्ष आम्हाला फुकट मिळाली, त्याच्या लेकीच्या तोंडून.

यापुढे प्रत्येकाला तोच प्रश्न. कुठे उभे होतात, तोंड कुठल्या दिशेला होतं, हातात काय होतं. जे त्या जागेवरून दिसूच शकत नाही ते निळ्या शाईत.

२३ डिसेंबर २०२३, शनिवार

कळव्याला. साक्षीदार ९ निवृत्त पोलीस, मूळचे घाटावरचे. त्या वेळी विशीतले शिपाई, बंदोबस्तासाठी बाहेरून आणलेले. आमच्या एका सदस्याच्या सोसायटीत राहतात म्हणून समजलं. तीनदा नाही म्हणाले, चौथ्यांदा स्वतः फोन करून बोलावलं.

अट एक, ते हयात असेपर्यंत कुणाला ऐकवायचं नाही. कागदावर लिहून सही करून दिलं. त्यामुळे इथे फक्त एवढंच लिहिते की त्यांनीही मला तोच न्याय लावला. मी विचारायच्या आधीच म्हणाले, "ताई, मी कुठे होतो ते आधी लिहून घ्या. त्याच्यापलीकडचं मला विचारू नका, मला दिसलेलं नाही." एक तास चार मिनिटं.

निघताना त्यांच्या पत्नी दारापर्यंत आल्या. म्हणाल्या, लग्नाला सदतीस वर्षं झाली, हे आज पहिल्यांदा ऐकलं.

२६ डिसेंबर २०२३, मंगळवार

वाचनालयात मोठा वाद झाला. गुरुजी १७ तारखेला नवघरला होते, त्यांच्या डाव्या खांद्यावर लाठी बसली होती, आजही हात पूर्ण वर जात नाही. फळ्यावर वरच्या ओळी ते कधीच लिहायचे नाहीत, आम्हा विद्यार्थ्यांना कारण माहीत नव्हतं. त्यांचं म्हणणं, "ज्यांच्या हातात लाठी होती त्यांची बाजू सरकारदरबारी चाळीस वर्षं लिहिलेलीच आहे. आपल्या वहीत कशाला?"

मी म्हटलं, सरकारदरबारी लिहिली आहे ती खात्याची बाजू. त्या शिपायाने काय पाहिलं ते कुणीच लिहिलेलं नाही. त्याची साक्ष आली नाही तर आपल्या साक्षींनाही कुणी उद्या एकतर्फी म्हणेल. गुरुजींना हे पटलं असं मी लिहिणार नाही. ते उठून गेले. माझे शिक्षक माझ्यामुळे उठून गेले, याचं मला रात्रभर वाईट वाटत राहिलं. तरी मत बदललेलं नाही.

२९ डिसेंबर २०२३, शुक्रवार

सकाळी गुरुजी घरी आले. चहा घेतला. "ठेवा. पण माझ्या फाइलला लागून ठेवू नका." त्यांचा क्रमांक १० होता. तो १२ केला. १० आणि ११ रिकामे ठेवले आहेत, वहीत तसं लिहिलंय.

७ जानेवारी २०२४, रविवार

नवघर. साक्षीदार १४, वय ४९. १७ जानेवारी १९८४ला नऊ वर्षांचे. आता बंदरात कंटेनरच्या कामावर आहेत, पाळी संपवून आले होते, डोळे लाल. म्हणाले, "मी काय साक्षीदार? मी घरातच होतो." मला तेच हवं होतं. घरातून काय दिसतं?

आईने शाळेत पाठवलं नाही. आदल्या दिवसाची बातमी गावात आली होती, कालपासून कुणी धड जेवलं नव्हतं. बाप पहाटेच बाहेर. दुपारी बाहेर आरडाओरडा, मग आवाज. त्यांना वाटलं शेजारी कुणीतरी भात भाजतंय आणि लाह्या फुटतायत. लाह्यांना एक लय असते, हे आवाज बिनलयीचे होते, म्हणून ते उठून खिडकीकडे निघाले. आईने मागून चड्डीला धरून खाली बसवलं. दार लावलं, कडी घातली आणि कडीवर हात ठेवून बसली. संध्याकाळ होऊन बापाची हाक येईपर्यंत तो हात तिने कडीवरून काढला नाही. मधे लहान बहीण रडली, तिला एका हाताने मांडीवर ओढून घेतलं, दुसरा हात कडीवरच.

"मला गोळीबार म्हटलं की माझ्या आईचा हात दिसतो," ते म्हणाले. "त्यावरच्या हिरव्या बांगड्या. तीन होत्या."

खिडकीतून काहीच दिसलं नाही, कारण ते खिडकीपर्यंत पोचलेच नाहीत. काळ्या शाईत दीड पान. इतक्या फाइलींत मला सगळ्यात जास्त विश्वास या दीड पानावर वाटतो.

आई आहेत, ८२ वर्षांच्या, पण मुलीकडे करंजाड्याला. पुढे बघू.

१३ जानेवारी २०२४, शनिवार

काल शिवडीहून चिर्ल्याला उतरणारा अटल सेतू सुरू झाला, आणि त्याच दिवशी खारकोपरच्या पुढे उरणपर्यंत लोकल. गावात दिवसभर त्याचीच चर्चा. साक्षीदार २ यांना, लोकलने गेलो म्हणणाऱ्या त्या थोरल्या काकांना, मी फोन करून विचारलं, मंगळवारी येणार का जासईला, आता खरंच लोकल आहे. तयार झाले.

१६ जानेवारी २०२४, मंगळवार

नऊच्या लोकलने आम्ही पाच जण. काका खिडकीशी. डबा नवा, खारफुटी दोन्ही बाजूंनी, मधेच डोंगर फोडलेला दिसतो. काका बराच वेळ बाहेर बघत होते, मग म्हणाले, "मी तवा ट्रकने गेलेलू. हा रस्ता ट्रकमधून निराला दिसायचा." मी काही न बोलता वही काढली आणि तारीख, वेळ टाकून लिहून घेतलं. जुनी टीप तशीच आहे, तिच्याखाली आजची.

हुतात्म्यांना हार घातले, भाषणं झाली. ती मुद्रित केली नाहीत, ती दर वर्षी होतात. आम्ही गर्दी पांगायची वाट पाहिली आणि साक्षीदार १ यांना घेऊन रस्त्याकडेने चालत निघालो. ते पडले तो बांध कुठे? शेत नाही, बांध नाही, रस्ता केवढा तरी रुंद झालाय आणि कंटेनरचे ट्रेलर एकामागे एक. काका दोनदा पुढे गेले, दोनदा मागे आले. शेवटी डोंगराची एक सोंड आणि देवळाचा कळस एका रेषेत आणून एका जागी उभे राहिले. "हितंच." पायाखाली डांबर होतं. आमच्या ध्वनिवाल्याने तिथे चार मिनिटं नुसता आवाज मुद्रित केला, ट्रेलरचा. मी विचारलं कशाला, तर म्हणाला, चाळीस वर्षांनी इथे काय ऐकू येत होतं तेही कुणाला तरी लागेल.

जागा नकाशावर टिपली. काका तिथे वाकून काहीतरी शोधल्यासारखं करत होते. मी विचारलं नाही.

२८ जानेवारी २०२४, रविवार

ऐकवण्याचा कार्यक्रम, वाचनालयात. ज्यांनी परवानगी दिली त्यांच्याच फाइली. सतरंज्या कमी पडल्या. लाडवांच्या बटणाला काकू स्वतः रडल्या. आजी पहिल्या रांगेत, बापाचं नाव आलं की हात जोडत होत्या. गुरुजी शेवटपर्यंत बसले.

साक्षीदार १४ आईला करंजाड्याहून घेऊन आले होते. त्यांची फाइल लावली. सगळं वाचनालय गप्प. कडीवरच्या हातापाशी दोन-तीन बायकांनी पदर डोळ्याला लावला. फाइल संपली आणि त्या आई मागून म्हणाल्या, मोठ्याने, जरा चिडूनच:

"कडी नव्हती. आपल्या दाराला तवा कडी कुठं व्हती? अडसर व्हता. आनि हात नाय ठेवला मी. पाठ टेकून बसलेले."

मुलगा म्हणाला, "आये, हात होता. बांगड्या होत्या तुझ्या, मला दिसतायत."

"बांगड्या व्हत्या. तुझे तोंडावर हात व्हता माझा, वरडू नये म्हनून."

कुणी काही बोललं नाही. ध्वनिवाला माझ्याकडे बघत होता, मी मान हलवली, त्याने यंत्र सुरू केलं. पंखे बंद केले. त्यांना पुढे बसवलं, माईक खांद्यावर लावला आणि विचारलं, "आई, तुम्ही कुठे बसला होतात?"

फाइल १४ आहे तशी. आजची १४-अ. दोन्ही काळ्या शाईत.

पुढचं काम: आवरे गावचे आजोबा, वय ९१, रविवारी सकाळी नऊला. बॅटऱ्या भरून ठेवणे.